इंग्रजी कवितेतील अलंकार ओळखण्याची रीत: नाव शेवटी लिहावे

दहावी-बारावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न असतो, आणि पुढे बी.ए.ला इंग्रजी घेतले की तोच प्रश्न अनोळखी कविता देऊन विचारला जातो. दोन्ही ठिकाणी विद्यार्थी एकाच प्रकारे चुकतात. सिमिली (उपमा), मेटाफर (रूपक), पर्सॉनिफिकेशन (चेतनगुणोक्ती), अलिटरेशन (अनुप्रासासारखा) अशी नावांची यादी आधी पाठ झालेली असते आणि मग तिच्यातले एकेक नाव घेऊन ते कवितेत कुठे बसते का, हे पाहिले जाते. अशा शोधात नाव कुठेतरी बसतेच. प्रत्येक ‘लाइक’ सिमिली ठरतो, निसर्गाचा प्रत्येक उल्लेख पर्सॉनिफिकेशन ठरतो, आणि एका ओळीत एकच अक्षर दोनदा दिसले की अलिटरेशन झाले. क्रम नेमका उलटा हवा: आधी ओळीचा साधा अर्थ, मग तो अर्थ जिथे अडतो ती जागा, मग तिथे काय घडले आहे याचे मराठीत वर्णन, आणि सर्वांत शेवटी नाव.

सरावासाठी इंग्रज कवी टेनिसनची ‘द ईगल’ ही १८५१ मध्ये छापलेली कविता घेऊ. ती अवघ्या सहा ओळींची आहे, पण चुका करायला तेवढी जागा पुरते.

ही क्लास्प्स द क्रॅग विथ क्रुकेड हँड्स;
क्लोस टू द सन इन लोनली लँड्स,
रिंग्ड विथ द ॲझर वर्ल्ड, ही स्टँड्स.

द रिंकल्ड सी बिनीथ हिम क्रॉल्स;
ही वॉचेस फ्रॉम हिज माउंटन वॉल्स,
अँड लाइक अ थंडरबोल्ट ही फॉल्स.

तयारी

कविता एका कोऱ्या कागदावर, दोन ओळींमध्ये एक ओळ रिकामी सोडून, स्वतःच्या हाताने रोमन लिपीत उतरवून घ्यावी. छापील पानाच्या कडेला खुणा करण्यापेक्षा हे बरे, कारण उतरवताना प्रत्येक शब्दावर नजर थांबते. जवळ पेन्सिल आणि उच्चार व आघात (शब्दाच्या कोणत्या भागावर जोर पडतो ते) दाखवणारा शब्दकोश असावा. केवळ मराठी अर्थ देणारा कोश या कामाला अपुरा पडतो, कारण नादाचे अलंकार उच्चारावर ठरतात. गाईड मात्र मिटलेले असावे. ते उघडायचेच असेल, तर सगळे टप्पे संपल्यावर उघडावे.

१. अन्वय लावा

मराठी किंवा संस्कृत कविता शिकताना आपण अन्वय लावतो, म्हणजे कर्ता, कर्म, क्रियापद गद्याच्या क्रमाने मांडतो. इंग्रजी कविता वाचताना मात्र ही सवय कोण जाणे का सुटते. वरच्या कवितेचा अन्वय असा होतो: तो वाकड्या हातांनी कडा घट्ट धरतो, सूर्याच्या जवळ, एकाकी प्रदेशात, निळ्या जगाने वेढलेला असा तो उभा असतो, त्याच्या खाली सुरकुतलेला समुद्र रांगतो, तो आपल्या डोंगरी भिंतींवरून पाहत राहतो आणि विजेच्या लोळासारखा कोसळतो.

अन्वय लावताना एक अलंकार न शोधताच हाती येतो. शेवटच्या ओळीत गद्याप्रमाणे ‘ही फॉल्स’ आधी यायला हवे होते, पण ‘लाइक अ थंडरबोल्ट’ पुढे आणला आहे. तिसऱ्या ओळीतही ‘ही स्टँड्स’ शेवटी ढकलला आहे. शब्दांच्या नेहमीच्या क्रमात केलेल्या या बदलाला इन्व्हर्जन म्हणतात. ज्याने अन्वय लावला नाही, त्याला तो सहसा दिसत नाही.

सावधान: ओळखीचे दिसणारे शब्दच जास्त फसवतात. ‘क्लोस’ म्हणजे जवळ. तोच शब्द ‘क्लोज’ असा वाचला, तर अर्थ ‘बंद करणे’ होतो आणि दुसरी ओळ लागतच नाही. ‘रिंग्ड’चा घंटेशी संबंध नाही, त्याचा अर्थ ‘कड्यासारखे वेढलेले’ असा आहे.

पडताळा: कविता झाकून तिचा आशय तीन वाक्यांत मराठीत सांगता आला पाहिजे. तो सांगता येत नसेल, तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

२. अर्थ जिथे अडतो तिथे खूण करा

आता शब्दशः अर्थ घेऊन, हट्टाने, प्रत्येक ओळीला प्रश्न विचारावा: असे प्रत्यक्षात घडते का? गरुडाला हात असतात का? नसतात, तेव्हा ‘हँड्स’खाली रेघ ओढावी. ‘क्रुकेड’खाली मात्र ओढू नये, कारण नख्या खरोखरच वाकड्या असतात. सूर्य पृथ्वीपासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे, तेव्हा कोणताही पक्षी त्याच्या जवळ नसतो. ‘क्लोस टू द सन’खाली रेघ. समुद्राला सुरकुत्या पडत नाहीत आणि तो रांगतही नाही; तिथे दोन रेघा. डोंगराला भिंती नसतात. गरुड वीज नसतो.

‘लोनली लँड्स’पाशी थोडे थांबावे लागते. जमिनीला एकटे वाटत नाही, म्हणून पुष्कळ जण इथे रेघ ओढून मोकळे होतात. पण कोशात ‘लोनली’चा दुसरा अर्थ ‘जिथे कोणी फिरकत नाही असे, निर्जन’ असा दिलेला असतो, आणि तो घेतला तर वाक्य कुठेच अडत नाही. इथे प्रश्नचिन्ह टाकून पुढे जावे.

सावधान: भाषेत मुरून गेलेल्या प्रतिमांना खूण करू नये. आपण डोंगराचा ‘पायथा’ आणि नदीचे ‘मुख’ म्हणतो, तेव्हा आपल्याला पाय किंवा तोंड दिसत नाही. इंग्रजीतही ‘फूट ऑफ द हिल’ आणि ‘माउथ ऑफ द रिव्हर’ तसेच बोलले जाते. कवीने मुद्दाम त्यांना हलवून जागे केले असेल, तरच त्या मोजाव्यात.

३. काय घडले आहे ते मराठीत सांगा

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा, आणि हमखास वगळला जाणाराही हाच. मराठी व्याकरणात उपमेची चार अंगे शिकवली जातात: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्य दाखवणारा शब्द. इंग्रजीसाठी याहून चांगले हत्यार माझ्या पाहण्यात नाही. आय. ए. रिचर्ड्स या समीक्षकाने १९३६ मध्ये मेटाफरच्या दोन अंगांना टेनर आणि व्हेइकल ही नावे दिली; ढोबळ मानाने ती उपमेय आणि उपमान यांच्या जागी बसतात, आणि साधारण धर्माला इंग्रजी समीक्षेत ग्राउंड म्हणतात. बी.ए.च्या विद्यार्थ्याने ही नावे लक्षात ठेवावीत. शाळेच्या विद्यार्थ्याला मराठी नावे पुरतात.

शेवटच्या ओळीवर ही चार अंगे लावून पाहू. उपमेय गरुड, उपमान विजेचा लोळ, साम्य दाखवणारा शब्द ‘लाइक’. साधारण धर्म काय? इथे ‘वेग’ एवढेच लिहून थांबणाऱ्याने ओळ अर्धीच वाचली आहे. वीज वरून खाली येते, अचानक येते आणि जिथे पडते तिथे नाश करते. या तिन्ही गोष्टी झेपावणाऱ्या गरुडाला लागू पडतात, आणि म्हणूनच ‘फॉल्स’ म्हणजे तोल जाऊन पडणे नव्हे, तर भक्ष्यावर घातलेली झडप, हे आपल्याला कळते. तो शब्द एकटा असता, तर गरुड जखमी होऊन पडला असे वाटायला जागा होती.

आता चौथी ओळ. उपमेय समुद्र, उपमान मात्र शब्दाने कुठेच सांगितलेले नाही. सुरकुत्या आणि रांगणे एवढ्या दोन खुणांवरून आपल्याला ते ओळखायचे आहे. सुरकुत्या म्हाताऱ्याच्या कातडीवर असतात. रांगते लहान मूल, किंवा एखादा किडा. खूप उंचावरून पाहिले तर लाटा बारीक सुरकुत्यांसारख्या आणि त्यांची हालचाल अगदी संथ दिसते, म्हणजे या दोन शब्दांनी समुद्रापेक्षा गरुडाच्या जागेची उंची जास्त सांगितली आहे. एवढा मोठा समुद्र त्याच्या पायाशी क्षुद्र होतो. हे वर्णन आधी मराठीत लिहून काढले, की त्याला कोणते नाव द्यायचे हा प्रश्न निम्मा सुटतो.

पडताळा: दुसऱ्या टप्प्यात केलेल्या प्रत्येक खुणेसमोर ‘अमुक गोष्ट तमुक म्हणून दाखवली आहे, कारण दोघांत हे समान आहे’ असे एक वाक्य लिहिलेले असावे. ज्या खुणेसमोर ‘कारण’ लिहिता आले नाही, ती सध्या बाजूला ठेवावी.

४. आता नाव द्या

‘थंडरबोल्ट’ला सिमिली हे नाव सरळ मिळते. तरी ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. ‘आय लाइक रेन’मधला ‘लाइक’ हे क्रियापद आहे. ‘ॲज’चा अर्थ पुष्कळदा ‘जेव्हा’ किंवा ‘कारण’ असा असतो. आणि ‘ती बहिणीएवढीच उंच आहे’ ही नुसती तुलना झाली, कारण दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत. सिमिलीत वेगळ्या जातीच्या गोष्टी शेजारी आणाव्या लागतात.

‘माउंटन वॉल्स’ हा मेटाफर: कडा म्हणजेच त्याच्या किल्ल्याचा तट, आणि मध्ये ‘सारखा’ शब्द नाही. ‘क्लोस टू द सन’ ही हायपरबोली, म्हणजे अतिशयोक्ती. या शब्दाचा उच्चार वर्गात सर्रास ‘हायपरबोल’ असा ऐकू येतो. तोंडी परीक्षेत तो टाळावा.

‘हँड्स’ला पर्सॉनिफिकेशन म्हणावे, कारण माणसाचा अवयव पक्ष्याला दिला आहे. समुद्राच्या बाबतीत मात्र खरा पेच आहे. सुरकुत्या माणसाच्या धरल्या तर पर्सॉनिफिकेशन. रांगणे किड्याचे धरले तर मेटाफर, कारण पर्सॉनिफिकेशनला माणूसपण लागते, नुसता जिवंतपणा पुरत नाही. मी इथे पर्सॉनिफिकेशन लिहीन, पण कारणासह मेटाफर लिहिणाऱ्याचे गुण कापणार नाही. कारण न देता दोन्ही नावे लिहिणाऱ्याचे कापीन.

‘लोनली लँड्स’वरचे प्रश्नचिन्ह आता सोडवू. एकटेपणा खरा गरुडाचा आणि तो जमिनीला चिकटवला, असे म्हटले तर हा ट्रान्सफर्ड एपिथेट होतो. याचे स्वच्छ उदाहरण थॉमस ग्रेच्या १७५१ मधल्या विलापिकेत आहे: नांगऱ्या घरी जाताना ‘वीअरी वे’ तुडवत जातो. वाट थकत नाही, थकलेला तो आहे, आणि ‘वीअरी’चा वाटेला शोभेल असा दुसरा अर्थ तिथे सहज लागत नाही. टेनिसनच्या ओळीत तो लागतो, म्हणून हे नाव ‘असेही म्हणता येईल’ अशा शब्दांतच लिहावे.

नेहमी गोंधळ होणाऱ्या काही जोड्या इथेच पाहून घेऊ.

मेटॉनिमी आणि सिनेक्डकी. ‘पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली’ हे वाक्य आपण लक्षणेच्या उदाहरणात शिकतो. बांगडी हा स्त्रीच्या देहाचा भाग नाही, तिच्याशी जोडलेली वस्तू आहे, म्हणून ही मेटॉनिमी. कामगारांना इंग्रजीत ‘हँड्स’ म्हणतात तेव्हा अवयव संपूर्ण माणसासाठी येतो, ती सिनेक्डकी. गरुडाचे ‘हँड्स’ सिनेक्डकी नव्हेत. ते संपूर्ण गरुडासाठी आलेले नाहीत, नख्यांसाठी आलेले आहेत.

ऑक्सिमोरॉन, पॅराडॉक्स आणि अँटिथिसिस. दोन विरोधी शब्द एकमेकांना चिकटून आले, तर ऑक्सिमोरॉन; शेक्सपिअरच्या ज्युलिएटच्या तोंडी निरोपाचे ‘स्वीट सॉरो’ आहे. पूर्ण विधानच अशक्य वाटते पण विचार केल्यावर पटते, तो पॅराडॉक्स. मूल हे माणसाचा बाप आहे, हे वर्ड्‌सवर्थचे विधान तसे आहे. विरोधी कल्पना समतोल रचनेत समोरासमोर ठेवल्या, पण त्यांत अशक्य काहीच नाही, तो अँटिथिसिस. चुकणे मानवी, क्षमा करणे दैवी, हे पोपचे १७११ मधले वाक्य पाहावे.

अपॉस्ट्रफी आणि पर्सॉनिफिकेशन. समोर नसलेल्या व्यक्तीला किंवा निर्जीव वस्तूला थेट हाक मारली, तर अपॉस्ट्रफी. बालवाडीत म्हटलेले ‘ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार’ आठवावे: ताऱ्याशी बोलणे ही अपॉस्ट्रफी, ‘लाइक अ डायमंड’ ही सिमिली. विरामचिन्हांतल्या अपॉस्ट्रफीशी याचा संबंध नाही, हे सांगावे लागते, कारण ‘रिंग्ड’मध्ये मुळात छापलेले ते चिन्ह दाखवून ‘कवीने अपॉस्ट्रफी वापरली आहे’ असे लिहिलेले उत्तर मी वाचले आहे.

आयरनी. हिचे भाषांतर ‘उपरोध’ असे केले, की एकच बाजू हाती लागते. बोललेल्याच्या उलट अर्थ असणे हा तिचा एक प्रकार. अपेक्षेच्या उलट घडणे हा दुसरा: शेलीच्या ‘ओझिमँडियस’मध्ये माझी कृत्ये पाहून हताश व्हा असे राजाचे शिलालेखातले शब्द टिकतात, आणि भोवती फक्त वाळू उरते. प्रेक्षकाला ठाऊक असलेले पात्राला ठाऊक नसणे हा तिसरा. ग्रीक शोकांतिकेतला ईडिपस राजा आधीच्या राजाच्या खुन्याला शाप देतो तेव्हा तो खुनी आपणच आहोत हे त्याला माहीत नसते.

५. मराठी अलंकाराचे नाव जसेच्या तसे उतरवू नका

उपमा, रूपक, अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती, श्लेष यांना अनुक्रमे सिमिली, मेटाफर, हायपरबोली, पर्सॉनिफिकेशन आणि पन हे प्रतिशब्द शाळेपुरते चालतात. पुढे वाट फुटते. ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’ असे शब्द असलेली उत्प्रेक्षा मराठीत स्वतंत्र अलंकार आहे. इंग्रजीत ‘ॲज इफ’ आले तरी ती सिमिलीतच जमा होते. ‘अमृताहुनी गोड नाम तुझे देवा’ इथे उपमेय उपमानापेक्षा वरचढ आहे, म्हणून आपण व्यतिरेक म्हणतो. शेक्सपिअरच्या अठराव्या सुनीताची दुसरी ओळ अगदी तशीच आहे: प्रिय व्यक्ती उन्हाळ्यातल्या दिवसापेक्षा ‘मोर लव्हली अँड मोर टेम्परेट’ आहे. शालेय इंग्रजीत याला वेगळे नाव नाही, म्हणून नावाच्या हट्टाने सिमिली लिहिण्याऐवजी ‘तुलना केली आणि उपमानाला कमी ठरवले’ असे वाक्यात सांगावे.

६. नादाचे अलंकार कानाने तपासा, डोळ्याने नव्हे

देवनागरी लिहिल्याप्रमाणे वाचता येते, म्हणून आपला डोळ्यावर विश्वास बसलेला असतो. इंग्रजीत हाच विश्वास गोत्यात आणतो. अलिटरेशन अक्षराचे नसते, आवाजाचे असते, आणि तो आवाज शब्दाच्या किंवा आघात असलेल्या अवयवाच्या (म्हणजे सिलॅबलच्या) सुरुवातीला असावा लागतो.

पहिल्या ओळीत ‘क्लास्प्स’, ‘क्रॅग’, ‘क्रुकेड’ हे तिन्ही शब्द ‘क’ने सुरू होतात आणि तिघांवरही आघात आहे. मोठ्याने म्हणून पाहिले, तर हा कठीण ‘क’ घशात अडतो आणि खडकावरची पकड ऐकू येते. दुसऱ्या ओळीत ‘लोनली लँड्स’मध्ये ‘ल’ आहे. पाचव्या ओळीत ‘वॉचेस’ आणि ‘वॉल्स’ आहेत. आता सापळा पाहा: चौथ्या ओळीतला ‘रिंकल्ड’ हा शब्द रोमन लिपीत ‘डब्ल्यू’ने सुरू होतो, आणि म्हणून पुष्कळ जण तो ‘वॉचेस’-‘वॉल्स’च्या रांगेत बसवतात. तिथला ‘डब्ल्यू’ मुका आहे. शब्द ‘र’ने सुरू होतो.

मराठी अनुप्रासात वर्ण ओळीत कुठेही पुन्हा आला तरी चालतो. इंग्रजीत सुरुवातीचा आवाज असेल तर अलिटरेशन, मधल्या वा शेवटच्या व्यंजनांचा असेल तर कॉन्सोनन्स, आणि स्वरांचा असेल तर असोनन्स, अशी वाटणी आहे. ऑनोमॅटोपिया यांहून वेगळा: शब्द स्वतःच तो आवाज असला पाहिजे, जसे आपले ‘कडकडाट’ किंवा ‘खळखळ’. ‘थंडरबोल्ट’ हे विजेचे नाव आहे, तिचा आवाज नव्हे.

यमकरचनेलाही हाच नियम. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द उच्चारून पाहावा आणि नव्या आवाजाला नवे अक्षर द्यावे: इथे ए ए ए, बी बी बी. दर वेळी सवयीने ‘ए बी ए बी’ लिहू नये. ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ यांचे स्पेलिंग जुळते, पण आज आवाज जुळत नाही. त्याला आय राइम म्हणतात.

वृत्त विचारले असेल, तर लघु-गुरू मोजू नयेत. इंग्रजीत आघात मोजतात. पहिल्या ओळीत आठ अवयव आहेत आणि एक हलका, एक आघाताचा असे चार जोड पडतात. प्रत्येक जोडाला आयॅम्ब म्हणतात. दुसरी आणि तिसरी ओळ मात्र आघातानेच सुरू होते.

सावधान: यमक नसलेली प्रत्येक कविता फ्री व्हर्स (मुक्तछंद) नसते. यमक नाही, पण प्रत्येक ओळीत पाच आयॅम्बची चाल आहे, ती ब्लँक व्हर्स.

७. उत्तर लिहिताना

‘शेवटच्या ओळीत सिमिली आहे, कारण लाइक हा शब्द आला आहे’ या उत्तरात अलंकाराची ओळख आहे, कवितेची नाही. चार गोष्टी याच क्रमाने याव्यात: कवितेतले नेमके शब्द, अलंकाराचे नाव, कोणाची तुलना कशाशी आणि कोणत्या साम्यामुळे, आणि त्याने या कवितेत काय साधले. म्हणजे असे: ‘लाइक अ थंडरबोल्ट’ या सिमिलीत गरुडाची झडप विजेच्या लोळासारखी अचानक आणि संहारक दाखवली आहे, आधीच्या पाच ओळींत गरुड धरून बसतो, उभा राहतो, पाहत राहतो, त्यामुळे शेवटच्या एका ओळीतली ही हालचाल अधिक दचकवते. या वाक्यातला शेवटचा भाग तिसऱ्या टप्प्यात केलेल्या मराठी नोंदींतून येतो. परीक्षेत ऐन वेळी तो सुचत नाही.

चार अलंकार असे लिहिले, तर दहा नावांची यादी द्यायची गरज उरत नाही. ‘कवीने इमेजरी वापरली आहे’ हे वाक्य तर कोणत्याही कवितेला लागू पडते, म्हणून कोणती प्रतिमा आणि ती डोळ्यांची, कानाची की स्पर्शाची, हे लिहायचे नसेल तर ते गाळावे. सिम्बॉल हा शब्दही जपून वापरावा. हा गरुड सत्तेचे किंवा एकाकी राजाचे प्रतीक आहे असे म्हणायचे असेल, तर ‘वॉल्स’, पायाखालचा रांगता समुद्र आणि ‘लोनली’ असे किमान दोन-तीन शब्द कवितेतून पुराव्यादाखल द्यावेत.

पडताळा: उत्तर लिहून झाल्यावर त्यातली अलंकारांची नावे बोटाने झाकावीत आणि उरलेले वाचावे. नावे झाकल्यावरही ते याच सहा ओळींबद्दल आहे असे वाचणाऱ्याला कळत असेल, तर उत्तर तयार आहे. आता हवे तर गाईड उघडावे.